तीन तारखांची चिठ्ठी

लोणच्याच्या बरणीला तीन तारखा असतात हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी अडाण्यासारखी नुसतंच लोणचं खात होते.

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली असतील. मी सांगलीत मावशीकडे राहत होते आणि गल्लीच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या एका गृहस्थांचा दोन वेळचा स्वयंपाक करत होते. गृहस्थ मूळचे साताऱ्याचे. पंधरा वर्षं अमेरिकेत कुठल्याशा विद्यापीठात कॉम्प्युटरवर कामाला होते आणि एक दिवस सगळं सोडून परत आले. का आले, यावर गल्लीत दोन पक्ष होते. गोऱ्या बायकोनं हाकललं, हा एक. डोकं फिरलं, हा दुसरा. बायको कधी नव्हतीच, हे कळल्यावर दुसऱ्या पक्षाला बहुमत मिळालं. गल्ली त्यांना 'तारीखवाले' म्हणायची. मी साहेब म्हणायचे. ते मला 'अहो बाई' म्हणत. मला 'अहो' म्हणणारे ते पहिलेच, त्यामुळे पहिले चार दिवस ते कुणाशी बोलतात ते बघायला मी मागे वळायचे.

माझे मालक विट्याकडचे. सोनं गाळायच्या दुकानात लांब मुलखात गेले आणि तिथंच त्यांनी दुसरं घर केलं. सोनं गाळणाऱ्याला सोनं ठेवायची आणि कचरा बाजूला काढायची सवय असते, तेव्हा माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, "लिहायला येतं?"

"चौथी पास हाय."

"मग झालं," ते म्हणाले आणि मला स्वयंपाकघरात नेलं. तिथे प्रत्येक डब्यावर खळीनं एक चिठ्ठी डकवलेली आणि शेजारी सुतळीनं बांधलेली पेन्सिल लोंबत होती. प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी. आतलं बदललं. आत बघितलं. चिठ्ठी बदलली. पुढे तारीख आणि वेळ.

डब्यात काही टाकलं किंवा काढलं, की पहिली ओळ. नुसतं झाकण उघडून गूळ किती उरला ते बघितलं, तरी दुसरी ओळ. आणि डब्याचं नाव बदललं, जागा बदलली, असं वरवरचं काही केलं की तिसरी. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये म्हणे प्रत्येक फायलीच्या अशा तीन तारखा मशीन आपलं आपण लिहितं. इथे मशीन नव्हतं, म्हणून मी.

मी हात पुसून पेन्सिल घ्यायची, भिंतीवरच्या घड्याळात बघायचं, लिहायचं, मग लोणच्याची फोड काढायची. तोवर भाकरी थंडगार. ते थंड भाकरी आनंदाने खात. चिठ्ठी बरोबर होती ना.

तिसऱ्या दिवशी मी लाजत लाजत विचारलं, "साहेब, तारीख लिवली म्हंजे चिठ्ठी बदलली. म्हंजे तिसऱ्या वळीत लिवायला पायजे. ती लिवली म्हंजे पुन्यांदा बदलली. थांबायचं कवा?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, हा प्रश्न तिथे चांगल्या शिकलेल्या मुलांना पडत नाही. एकदाच लिहायची. मशीनही तिथेच थांबतं."

मशीनला अक्कल होती म्हणायची.

घरात घड्याळं पाच होती. एक तर न्हाणीघराच्या भिंतीवर. रोज सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी टिकटिक वाजली की ते पाची घड्याळं एका मागोमाग एक लावून घेत, देवपूजा करावी तशी. "घड्याळ चुकलं की सगळ्या तारखा खोट्या होतात," ते सांगत, "आणि खोटी तारीख खऱ्या तारखेसारखीच दिसते, हे वाईट." एक जुनी पत्र्याची पेटी होती, कागदपत्रांची. तिचं झाकण उघडताना असं किंचाळायचं की खालच्या मजल्यावरचं पोर उठून रडायचं. मी एकदा बिजागरीला तेल घालायला गेले, तर साहेबांनी माझा हात धरायचा तेवढा बाकी ठेवला. "तेल नको! ओरडली म्हणजे कळतं कुणी उघडली ते."

खालच्या घरमालकीणबाई एकदा वाटी घेऊन वर आल्या. साहेबांनी डबा पुढे केला आणि पेन्सिलही पुढे केली.

"हे काय?"

"साखर काढलीत की इथे वेळ लिहा."

"आवं, वाटीभर साखर मागतीय मी, सातबारा न्हाई!" असं म्हणून त्या रिकामी वाटी घेऊन खाली गेल्या. साहेबांनी डब्याच्या चिठ्ठीवर लिहिलं: आत बघितलं, दहा वाजून पाच. पहिली ओळ तशीच ठेवली, कारण साखर गेली नव्हती. शेजारधर्म गेला, पण त्याला ओळ नव्हती.

मला ते एकदाच खरे रागावले. तुरीच्या डाळीचा डबा गंजला म्हणून मी डाळ नव्या डब्यात ओतली आणि नव्या चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख घातली. ते जेवता जेवता ताटावरून उठले.

"डाळ आज आणली?"

"न्हाई. आज वतली."

"मग आजची तारीख का? डबा नवा झाला, डाळ नवी झाली नाही. एका जागेवरून दुसरीकडे नेलं की जुनी तारीख बरोबर न्यायची. नाहीतर वर्षाची डाळ कालची म्हणून बसेल आणि तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवाल."

डाळीत टोके झाले होते. त्या किड्यांना तारीख न वाचताच डाळ जुनी असल्याचं कळलं होतं. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि डाळ निवडायला घेतली.

मशीनबद्दल मात्र विचारायला मला आवडायचं, कारण उत्तर देताना ते जेवायचं विसरत आणि मला लवकर सुटता येत नसे, पण तेवढा वेळ मावशीच्या हाकाही ऐकाव्या लागत नसत. एकदा मी म्हटलं, "तीन तारखा झाल्या. पर ती फाईल जल्मली कवा, ते कुठं लिवत्यात?"

"ते मशीन ठेवत नाही."

"आँ? कपाटायेवढं मशीन म्हणताय, आन् जल्मतारखेला जागा न्हाई व्हय त्यात?"

"नाही. शेवटचं कधी बदललं एवढंच ठेवतं. जन्मतारखेचा पुढे फारसा उपयोग नसतो."

मला मशीन आवडायला लागलं ते तेव्हापासून.

मग त्यांनी सांगितलं, त्या मशीनची मोजणी एक जानेवारी सत्तरपासून सुरू होते. त्याच्या लेखी काळ त्या दिवशी चालू झाला. तारीख कुठेच सापडली नाही तर ते तोच दिवस धरून बसतं. मी म्हटलं, आमच्या गावचे मास्तर तसेच. पोराच्या आईबापाला तारीख ठाऊक नसली की एक जून. आमचा सगळा वर्ग एक जूनला जन्मला. गावातल्या बायका मेच्या अखेरीस काय करत असतील, देव जाणे. साहेब इतके हसले की ठसका लागला, आणि त्यांनी ते लगेच अमेरिकेतल्या मित्राला पत्रात कळवलं. माझं लग्न मात्र सत्तरच्या आधीचं. म्हणजे मशीनच्या लेखी ते झालंच नव्हतं. मालकांच्याही लेखी नव्हतं. दोघांचं चांगलं जमलं असतं.

आल्या आल्या त्यांना माधवनगरच्या एका गिरणीत नोकरी मिळाली होती. ती अकरा दिवस टिकली. गेटवरचं घड्याळ सकाळी पाच मिनिटं पुढे आणि संध्याकाळी पाच मिनिटं मागे असतं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. बाकीच्या कामगारांना ते बारा वर्षं ठाऊक होतं. साहेबांनी स्टूल घेऊन घड्याळ नीट लावलं. असं नऊ दिवस चाललं. नंतर स्टूल राहिलं आणि साहेब गेले.

अमेरिकेतही असंच काहीसं झालं होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पिठल्याकडे बघत. वरच्या साहेबानं मशीनचं घड्याळ चार दिवस मागे केलं, उशिरा झालेलं काम वेळेत झालंसं दाखवलं आणि पुन्हा घड्याळ नीट केलं. "फायलींवरच्या तारखा बरोबर दिसत होत्या. पण मी त्या चार दिवसांत काम झालं नव्हतं, हे पाहिलं होतं. विचारल्यावर मी सांगितलं."

"मग?"

"मग मी इथे."

चार दिवसांसाठी पंधरा वर्षं सोडून आलेला माणूस. गल्लीचं दुसरं मत अगदीच चूक नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मावशीच्या मुलाचं लग्न ठरलं. मावशी माझ्या डोक्याला तेल लावत म्हणाली, "तू परकी न्हाईस गं, लेकीवानीच हायस. पर खोली एकच हाय." तेल लावता लावता असं बोललेलं मनाला लागत नाही असा तिचा समज असावा. माहेरी भावजय होती. तिच्याकडे तेलही नव्हतं.

आणि तेवढ्यात साताऱ्याला मुलींच्या एका सरकारी वसतिगृहात आयाची जागा निघाल्याचं कळलं. चौथी पास पाहिजे, आणि राहायला खोली. दार, कडी, एक खिडकी आणि तिच्यात माझी मी. मी ती खोली न बघताच दोनदा सारवूनही टाकली. अट एकच, वय तिसाच्या आत हवं.

मी गावच्या शाळेतून दाखला मागवला. त्यावर जन्म एक जून, आणि वर्षावरून वय निघालं अठ्ठावीस. मला आनंद झाला. आपलं वय आपल्याला कुठे ठाऊक असतं? शाळा म्हणते तर असेल. अर्ज नीट अक्षरात लिहून द्या म्हणून मी दाखला साहेबांना नेऊन दिला.

त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुम्ही सातव्या वर्षी चौथी पास झालात?"

"मला काय ठावं. झाले आसंल."

"म्हणजे चौथ्या वर्षी पहिलीत बसलात. आणि इथे शाळेत आल्याचं वर्ष लिहिलंय त्यावरून तर तुम्ही तीन वर्षांच्या असताना." त्यांचे डोळे चमकायला लागले. कुत्र्याला वास लागावा तसे. "कुणीतरी नक्कल केली आहे."

झालं. दुसऱ्या दिवशी डबे, घड्याळं टाकून ते मला घेऊन एसटीनं माझ्या गावी निघाले. माण तालुका, मेंढरांचा मुलूख. वाटेत दर थांब्याला ते घड्याळात बघून कंडक्टरला किती उशीर झाला ते सांगत होते. कंडक्टर शेवटी म्हणाला, "काका, तुमीच चालवा गड्या आता."

शाळेत मास्तर तेच होते, मला शिकवलेले, आता हेडमास्तर. साहेबांनी जुनं रजिस्टर मागितलं. मास्तरांनी कपाटावरून एक चिखलाच्या रंगाची वही काढली आणि फुंकर मारली, धूळ साहेबांच्या चष्म्यावर बसली.

"त्याचं आसं झालं," मास्तर सांगू लागले, "ही साळंत आली त्याच सालच्या वादळात कौलं उडाली, रजिस्टर भिजलं. तीन वर्सांनी साहेब लोक तपासणीला येणार म्हणून म्या रातून दिस करून नवं उतरवलं. जल्मतारखेचा रकाना पार धुऊन गेल्याला. वयाचा रकाना तेवढा ऱ्हायला हुता. हिच्या म्होरं लिवल्यालं, वय सहा. मंग म्या म्हणलं, सहा तर सहा. मागं सहा वर्सं मोजली आन् एक जून टाकला."

"कधीपासून मागे?"

"लिवलं त्या दिसापास्नं."

"मास्तर! ती शाळेत आली तेव्हा सहा वर्षांची होती. तुम्ही नक्कल केली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तुम्ही डाळ नव्या डब्यात ओतलीत आणि आजची तारीख घातलीत!"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "डाळ कुठनं आली ह्यात?"

"आवं, ते तसंच बोलत्यात," मी म्हटलं.

"आन् तीन वर्सांनी काय बिघडलं? पोरी काय आंबं हायत व्हय, पिकून जायला?"

तेव्हा मला उमगलं, आमचा एक वर्गबंधू पलटणीत भरती व्हायला गेला तेव्हा, भरघोस मिशा असताना, 'अजून लहान आहेस' म्हणून त्याला का परत धाडलं होतं ते. सगळा वर्गच मास्तरांनी एका पावसात तीन वर्षांनी तरुण केला होता. लोक यासाठी काय काय लेप लावतात.

साहेबांनी त्या भिजक्या वहीवरून नवा दाखला करून घेतला, गोल शिक्क्यासकट. खरं वय एकतीस.

येताना एसटीत ते इतके खूष होते की उशिराबद्दल कुणाला काही बोलले नाहीत. मी खिडकीतून बाहेर बघत होते. माझी खोली मागे मागे जात होती.

"वयाची अट हाय, साहेब," मी विटा आल्यावर म्हटलं. दीड तास मी ते एक वाक्य जुळवत होते.

"ठाऊक आहे. आपण सवलत मागू. मी पत्र लिहीन."

त्यांनी लिहिलं. इंग्रजीत, दोन पानं. नक्कल केल्याची तारीख ही जन्माची तारीख कशी नसते, आणि जिथे मोठमोठाली मशीनसुद्धा जन्मतारीख ठेवत नाहीत तिथे आयाच्या जागेला ती कशाला हवी, असा त्याचा सारांश त्यांनी मला वाचून दाखवला. पत्र चांगलं होतं. आयाच्या जागेसाठी अर्ज तपासणारा कारकून ते वाचून नोकरी सोडून संन्यासच घेईल असं होतं.

"खरं असतं ते टिकतं, बाई."

टिकतं की. मी पण टिकले होते. पण ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता.

जुना दाखला मी फाडायला घेतला तर त्यांनी काढून घेतला. "चुकीचा असला तरी तो होता, हे खरं आहे." माझ्या नावाचं एक पुठ्ठ्याचं पाकीट करून, वर चिठ्ठी डकवून, तो त्यांनी त्या किंचाळणाऱ्या पेटीत ठेवला. नवा दाखला आणि पत्र माझ्या पिशवीत.

साताऱ्याला जायचं त्या दिवशी मी पहाटेच वर गेले. साहेबांची भाकरी करायची होती, माझी शिदोरी बांधायची होती. ते न्हाणीघरात होते. पाण्याचा आवाज येत होता. मी पेटीपाशी गेले. मी आयुष्यात कुणाच्या झाडाचं बोरही न विचारता उचललं नव्हतं. झाकण उचललं. ते किंचाळलं. न्हाणीघरातलं पाणी थांबलं. मी तशीच उभी. मग पाणी पुन्हा सुरू झालं.

खरा दाखला आणि ती दोन पानं मी पाकिटात घातली, खोटा पिशवीत घेतला, आणि पेटी लावली. चिठ्ठीवर काही लिहिलं नाही. त्या घरात मी न लिहिता उघडलेली ती पहिलीच वस्तू.

त्या दिवशी एकही भाकरी गोल झाली नाही. मागे साहेब खोलीत आले, गेले; स्टोव्ह भरभरत होता, दुसरं काही ऐकू आलं नाही, आणि मी मान वर केली नाही. पिशवी घेऊन दाराशी आले तर ते तिथे उभे.

"कागद घेतला?"

"व्हय."

"बरोबर घेतलात ना?"

"व्हय, साहेब."

"मग निघा. साडेसहाची गाडी चुकेल."

साताऱ्याच्या कारकुनानं दाखला उलटसुलट केला. सातव्या वर्षी चौथी पास झाले, याचं त्याला कौतुक वाटलं नाही, कारण त्यानं ते वाचलं नाही. "शिक्का गोल हाय न्हवं?" एवढं विचारलं. होता. मग बाकीचं सगळं आपोआप खरं झालं.

महिन्याभरात नेमणुकीचा कागद आला. साहेबांना दाखवला. त्यांनी वाचून घडी घालून परत दिला. मला एकच भीती होती. त्यांचं पत्र उपयोगी पडलं का, हे ते विचारतील, आणि मी 'व्हय' म्हणेन, म्हणजे आणखी एक खोटं. त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, विसरले. न्हाणीघरात घड्याळ लावणारा माणूस विसरला असं मला वाटलं, यावरून माझी अक्कल कळावी.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या नावाचं ते पुठ्ठ्याचं पाकीट आणून दिलं. "तुमचे कागद तुमच्याजवळ असू द्या. आणि तिथे डब्यांना चिठ्ठ्या लावा."

"लावते."

"नाही लावणार तुम्ही," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मुद्दाम हसले.

गाडी इस्लामपूर सोडून पुढे गेल्यावर मी पाकीट बाहेर काढलं. वरची चिठ्ठी तीच, खळीनं डकवलेली, आणि तिच्यावर त्यांचं बारीक अक्षर. माझ्या साताऱ्याच्या खेपेची तारीख.

आतलं बदललं: पहाटे पाच वाजून चाळीस.

आत बघितलं: पहाटे पाच वाजून पन्नास.

चिठ्ठी बदलली: पहाटे पाच वाजून बावन्न.

मी त्या तीन ओळी कराडपर्यंत वाचत होते. पाच चाळीसला मी कागद बदलले. त्यांनी पेटी किंचाळलेली ऐकली आणि भिंतीवर बघितलं. पाच पन्नासला त्यांनी पाकीट उघडून आत काय उरलंय ते पाहिलं. आणि पाच बावन्नला ते लिहून ठेवलं, कारण झालं ते झालं, आणि त्यांच्या घरात खोटी तारीख चालत नव्हती. मी दाराशी आले तेव्हा सहा वाजून गेले होते. म्हणजे 'बरोबर घेतलात ना' असं विचारताना त्यांना ठाऊक होतं. चार दिवसांसाठी अमेरिका सोडलेल्या माणसानं माझी तीन वर्षं दाराशी उभं राहून जाऊ दिली, आणि वर गाडीची वेळ सांगितली.

कराडला उतरून परत जावं असं वाटलं. पण मी लाजाळू. आणि पुढे खोली होती, कडी असलेली.

पाकीट माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. डब्यांना चिठ्ठ्या मी लावल्या नाहीत, ते बरोबर बोलले. ती एकच चिठ्ठी आहे. दार लावून, कडी घालून मी पाकीट उघडून आत बघते, आणि दुसऱ्या ओळीतलं पाच पन्नास तसंच राहू देते.